वाड्यातलं जातं

थंडीत निफाड तालुक्यात आवाज फार लांबून येतात. दिवसा तापलेली जमीन सूर्य मावळला की झरझर गार होते. तिच्या लगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि वर उबदार हवेचा थर राहतो. एरवी आभाळात निसटून जाणारा आवाज त्या थरातून वाकतो आणि पुन्हा जमिनीकडे येतो. त्यामुळे जानेवारीच्या रात्री कादवा नदीपलीकडचं भजन अलीकडच्या मळ्यात शब्दांसकट कळतं. लासलगावकडे जाणारी मालगाडी अगदी बांधावरून गेल्यासारखी वाटते. नांदूरमधमेश्वरच्या पाणथळीवर उतरणारे क्रौंचांचे थवे अंधारात बोलत जातात, त्यांचा आवाज कुठून येतोय हे मान वर करूनही समजत नाही. ही पाणथळ रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलेली महाराष्ट्रातली पहिली. 2020 मध्ये ते जाहीर झालं तेव्हा गावाला अभिमान वाटला, पण त्या आवाजांशी गावाची ओळख कितीतरी जुनी आहे.

ज्या वाड्याबद्दल मी लिहिते आहे, तो याच टापूत, कादवेच्या काठी आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रात्री कॅमेरे घेऊन भुतं शोधत फिरणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे, आणि त्या पडक्या जिन्यावर कुणाचा पाय घसरावा असं मला वाटत नाही. वाडा गावात भुताचा म्हणूनच ओळखला जातो. मागच्या पिंपळावर मुंजा, आडात हडळ, तळघरात धनावर बसलेला समंध, ही मंडळी तिथे आहेतच. पण ती कुठल्याही जुन्या वाड्यात असतात. या वाड्याचं स्वतःचं असं एक आहे. तिथे पहाटे जातं फिरतं. घर रिकामं, दिंडी दरवाजाला कुलूप, आणि आत घरघर चाललेली. कुणी म्हणतं, सोबत बाईचा गळाही असतो. शब्द लागत नाहीत, नुसती चाल येते.

माझी मैत्रीण या वाड्याच्या धाकट्या पातीतली, म्हणजे घराण्याच्या धाकट्या शाखेतली. तिच्या काकांनी, जे आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवत होते, या जात्याचा छडा लावला होता. शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीने रात्री येते. ती आली की नदीकाठच्या मोटारी एकामागून एक सुरू होतात. थंड हवेत त्यांचा खर्ज जमिनीलगत सरकत येतो आणि वाड्याच्या भिंतींत जी रिकामी बळदं आहेत, धान्य साठवायची, त्यांत घुमतो. वर माळ्यावर उदमांजरांची धावपळ, गव्हाणी घुबडाचा चिरका श्वास, दिवसभर फुगलेल्या सागवानी तुळया रात्री आखडताना होणारी करकर. झालं भूत तयार. काका हे फार प्रेमाने समजावून सांगतात, आणि त्यांचं सगळं मला पटतं. एवढंच, की मोटारीच्या आवाजाला गावाने ट्रक म्हटलं नाही, वादळ म्हटलं नाही, जातंच म्हटलं. कानाला जे माहीत असतं तेच त्याला अंधारात ऐकू येतं. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पहाटे जाती फिरत होती, हे गावाच्या कानाला माहीत आहे. लिहून मात्र कुठेच ठेवलेलं नाही.

वाडा दोन चौकी आहे. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती. पहिल्या चौकात देवडी आणि सदर, वर सुरूदार खांबांचा दिवाणखाना. दुसऱ्या चौकात माजघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, तुळस. पहिला चौक पाहुण्यांचा आणि पुरुषांचा, दुसरा बायकांचा. मधे एक बुटकं दार, ज्यातून जाताना कुणालाही मान लववावी लागते. पेशवाईच्या उत्तरार्धातलं बांधकाम, असं घरचे सांगतात. धाब्याचं छप्पर आता तीन ठिकाणी उघडं पडलं आहे आणि दरवर्षी पावसाळा एकेक खण खातो.

तो रिकामा झाला तो भुतांमुळे नाही. कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने कसणाऱ्यांना जमिनीचा मालकी हक्क दिला, आणि वाड्याची जमीन ती कसणाऱ्यांच्या नावावर गेली. योग्यच झालं. आज त्याच जमिनीवर द्राक्षाचे मांडव उभे आहेत. पण जमिनीवर चालणारं घर जमीन गेल्यावर चालेना. थोरली पाती पुण्याला, मधली मुंबईला, धाकटी नाशकात. मागे राहिली ती ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरची वाढत जाणारी नावं. एकाने छप्पर दुरुस्त करायचं म्हटलं तर दुसऱ्याची सही लागते, दुसरा म्हणतो आधी वाटणी. अशा घराला भूत लागतं. लागलं की आणखी कुणी फिरकत नाही. एका बाबतीत मात्र भुताने उपकारच केले. आसपासच्या वाड्यांचे कोरीव खांब, महिरपी, दारं रातोरात निघून जुन्या सामानाच्या बाजारात गेली. पांढरी माती शेतात नेऊन टाकली गेली. या वाड्याला कुणी हात लावला नाही.

भुतांची एक गोष्ट मला नेहमी खटकते. नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात झाला, आणि ‘काका मला वाचवा’ ही हाक आजही पुण्यातच ऐकू येते असं सांगतात. ज्या काकांना ती हाक घातली, त्या राघोबादादांचा वाडा नाशकात गंगेकाठी आनंदवल्लीला होता. तिथे आज नवश्या गणपतीला माणसं रांगेने जातात, आणि कुणाला काही ऐकू येत नाही. भूत नेहमी सोसणाऱ्याचं होतं. ज्याचं म्हणणं जिवंतपणी कुणी ऐकलं नाही, त्याच्या वाट्याला मरणानंतर आवाज येतो.

वाड्यात गाणं करायचं ही कल्पना मैत्रिणीची. छपराला निदान ताडपत्री आणि चार तुळया एवढे पैसे उभे राहावेत, आणि त्या निमित्ताने सगळ्या पातींतली माणसं एका जागी बसावीत. नाशिकला मोकळ्यावरच्या संगीताची सवय आहे. 2008 पासून गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यात मोठे संगीत महोत्सव झाले, हजारो माणसं डोंगराकडे तोंड करून गवतावर बसली. आमचं त्या मानाने घरगुती होतं. जाजमं गावच्या देवळातून आणली, मिसळीची पातेली शेजारच्या मळ्यातून, शेकोट्यांना छाटणीच्या द्राक्षकाड्या.

वाद झाला तो पत्रिकेवरून. घरातल्या तरुण मुलांना वर मोठ्या अक्षरांत ‘भुताच्या वाड्यात एक रात्र’ असं हवं होतं. तिकिटं खपतील हे त्यांचं म्हणणं खरंही होतं. मी विरोध केला, मैत्रिणीनेही केला. ज्या बाईचं जातं ऐकू येतं असं गाव म्हणतं ती जर कुणी होती, तर ती या घरातली सून होती, मुलगी होती, नाहीतर दळणाला ठेवलेली गडीण होती. तिच्या नावाने तिकीट विकायचं कसं? मुलांनी ऐकलं. पत्रिकेवर ‘वाड्यातलं गाणं’ एवढंच छापलं.

समोरच्या पडक्या पागेचं जोतं हेच व्यासपीठ. दिवेलागणीला सुरुवात गोंधळाने झाली. सप्तशृंगीला मानणारा हा मुलूख. दिवटी पेटली, तुणतुण्याने सूर धरला आणि संबळावर काठी पडली, तशी मागच्या मळ्यांतूनही माणसं येऊन कुडाला टेकून उभी राहिली. संबळ हे वाद्यच उघड्यावरचं. त्याला ध्वनिक्षेपक लावणं म्हणजे त्याचा कडकपणा घालवणं, असं मला वाटतं, आणि गोंधळ्यांनीही माईक बाजूला सारला. नंतर बासरी झाली, अभंग झाले. आठनंतर दंव पडायला लागलं. दंवाने तबल्याचं कातडं सैल पडतं, सूर उतरतो. तबलजी प्रत्येक गाण्याआधी गट्टे ठोकत होते, मधेच तबला शालीखाली घेत होते. मोकळ्यावरच्या मैफलीत वाद्यांना हवामान सोसावं लागतं. सतारीच्या मुलीने बोटं शेकोटीवर धरली आणि मग वाजवलं, तेही छान वाजवलं.

पावणेदहाला पोलीस पाटलांनी हात वर केला. आवाज बंद.

हा नियम मला मान्य आहे. ध्वनिप्रदूषण नियम 2000 साली आले, रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकांवर बंदी आली, आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. वर्षातले थोडे दिवस, जास्तीत जास्त 15, राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. आजारी माणसाच्या उशाशी डीजे वाजताना ज्याने रात्र काढली आहे त्याला या नियमाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. पण या नियमाने एक गोष्ट नकळत गेली. आपल्या संगीतातला रात्रीचा उत्तरार्ध जाहीर मैफलीतून उठला. पुण्यात 1953 पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. माणसं घोंगड्या, थर्मास घेऊन जायची आणि पहाटेचा ललत ऐकून घरी यायची. मालकंस, अडाणा, सोहनी, परज हे रात्रीचे राग ज्यांनी त्यांच्या वेळेला ऐकले अशी माणसं आता पन्नाशीच्या पुढची. तरुणांना मालकंस संध्याकाळी साडेआठला, नाहीतर कानात यंत्र घालून लोकलमध्ये भेटतो. तिथेही तो चांगला असतो. वेळ मात्र त्याची नसते.

त्या रात्री बहुतेक लोक मिसळ खाऊन गाड्यांना लागले. शेवटचं गाणं राहिलं होतं. नियमाला बंदिस्त जागेची सोय आहे. मैत्रीण म्हणाली, “वर दिवाणखान्यात बसूया. माईकशिवाय.” गावातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. रात्रीच्या वेळी आत जायचं, तेही वर. काकांनी कंदील घेतला आणि पहिले ते चढले, मग गायिका तानपुरा उराशी धरून, मग आम्ही. जिना एकेकाने चढायचा असं ठरलं होतं.

दारं-खिडक्या लावल्या. गायिकेने तानपुऱ्याची पहिली तार पंचमातून उतरवून मध्यमाला आणली, तेव्हाच कळलं काय येणार आहे. मालकंसाला ऋषभ नाही, पंचम नाही. पाचच सूर, गंधार, धैवत, निषाद तिन्ही कोमल, आणि सगळं मध्यमाभोवती. गवयांमध्ये एक समजूत आहे, मध्यरात्री एकट्याने मालकंस गाऊ नये, न दिसणारे श्रोते येऊन बसतात. कुणी त्यांना जिन म्हणतं, कुणी समंध. जुने गवई ही गोष्ट गंभीरपणे सांगतात. गायिकेने ती बोलून दाखवली नाही. मागच्या रांगेत मात्र एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या शेजारची जागा थोडी मोकळी ठेवली, हे मी पाहिलं.

माईकशिवाय गाणं म्हणजे काय हे आपण विसरलो आहोत. तिने सा लावला तो इतका हलका होता की ऐकायला सगळ्यांना श्वास आवरावा लागला. सागवानी पाट, मातीच्या भिंती. यांतलं काहीच आवाज परत फेकत नाही, पितं आणि थोडा उशिरा, मऊ करून सोडतं. दगडी देवळात आवाज घुमतो तसा इथे घुमत नव्हता. तिचा मध्यम लागला की खालच्या बळदातून एक बारीक खर्ज जागा व्हायचा. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांचा सिद्धांत त्यांच्या कानांसमोर सिद्ध होत होता. आणि मला वाटलं, या दिवाणखान्यात याआधीही बैठकी झाल्या असतील. शाली, अत्तर, बिदागी. त्या वेळी घरातल्या बायका कुठे होत्या? चिकाच्या पडद्यामागे, तेही परवानगी असली तर.

विष्णु दिगंबर पलुस्करांची इथे आठवण येते. 5 मे 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्यांनी गाणं दरबारातून आणि कोठीवरून घरंदाज समाजात आणलं. बायकामुलींना गाणं शिकता यावं यासाठी त्यांच्या शाळांनी वाट केली. शेवटची वर्षं त्यांनी आमच्या पंचवटीत काढली, रामनाम आधार आश्रमात. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय 1921 मध्ये नाशकातच जन्मले. त्या रात्रीची गायिका हार्मोनियमवाल्याला डोळ्याने खूण करत होती आणि समोरच्या पुरुषांना दाद द्यायला भाग पाडत होती, ही त्या वाटेचीच पुढची पावलं. मी पलुस्करांची ऋणी आहे. तरीही त्या वाटेवरून दिवाणखान्यापर्यंत येता येतं. बुटक्या दारापलीकडच्या माजघरात जे गाणं होतं त्याला त्यांच्या वहीत लिपी नव्हती.

ते गाणं पहाटे भेटलं.

मालकंस संपल्यावर कुणी झोपायला गेलं नाही. पहिल्या चौकात शेकोटी केली. कांद्याच्या चाळीवरून परतणाऱ्या एक आजी, ज्यांची आई याच वाड्यात दळणाला यायची, शेकायला बसल्या. मैत्रिणीने विचारलं, “आजी, तुम्हाला ऐकू आलंय कधी?”

“जातं ना? आलंय की. लहानपणापासून येतंय.”

“भीती नाही वाटली?”

“माझी माय दळायची इथं. मला कशाची भीती? भ्यायचं तर तुम्ही भ्यावं, तुमच्या घरच्यांनी.” मग जरा थांबून, “पायलीपायलीचं दळण. वाड्यात खाणारी तोंडं किती! दोघी-दोघी बसायच्या, कोंबडं आरवायच्या आधी. गाणं नसतं तर हात निघाले नसते त्यांचे.”

जातं अजून माजघरात आहे का, त्यांनी विचारलं. होतं. जमिनीत पुरलेलं, वर तुटक्या पाटांचा ढीग. मुलांनी तो हलवला. वरची तळी जागेवर होती, खुंटा नव्हता. देवडीतली एक जुनी खुंटी काढून ठोकली. मुलगा हौसेने फिरवू लागला तशा आजी ओरडल्या. रिकामं जातं फिरवायचं नसतं, दगड दगडाला खातो, आणि ते चांगलंही नसतं. मिसळीच्या सामानात बाजरी नव्हती; शेजारच्या मळ्यातून सूपभर आली. आजींनी पदर खोचला, एक पाय लांब केला, एक दुमडला, मूठभर बाजरी घातली आणि खुंट्याला हात घातला.

पहिली ओवी देवाला, दुसरी गावाला, मग आईबापांना, मग भावाला. भावावर आल्यावर त्या रेंगाळल्या. ओवीची पहिली ओळ हात पुढे जाताना आणि दुसरी हात जवळ येताना. श्वास तिथे घ्यायचा जिथे तळी सर्वांत हलकी होते. लय गळ्याची नाही, खांद्याची. गायिका बाजूला मांडी घालून बसली होती. ती हळूच म्हणाली, “आजी मध्यमावरच थांबतायत.” आजींना ते कळायचं कारण नव्हतं आणि त्यांना गरजही नव्हती. त्यांच्या ओव्यांत सीता वनवासात बाळंत होत होती, भाऊ दिवाळीला गाडी घेऊन येत नव्हता, पंढरीची वाट पावसात हरवत होती. मधेच एक ओवी वाड्याचीच आली, दळणाऱ्या बाईचे तळहात आणि वाड्याच्या भाकरीची पांढरी वाफ. ती त्यांच्या आईची, असं त्या नंतर म्हणाल्या. आईने ती इथेच जोडली आणि मोठ्याने कधी म्हटली नाही, कारण पलीकडे सासूबाई झोपलेल्या असत.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, दळणाऱ्या बायकांच्या नावागावासह. इतकं मोठं काम मराठीत फार थोड्यांनी केलं आहे. गिरणी आली आणि बायकांचे खांदे सुटले, ही चांगलीच गोष्ट झाली. त्या कष्टाची कुणाला हौस असू नये. पण गाणं त्या कष्टाला जोडलेलं होतं, ते सोबतच बंद पडलं. वाडा खरा मुका झाला तो गिरणीच्या वर्षी, माणसं गेली त्याच्याही आधी. गावाने मग तो आवाज भुताच्या स्वाधीन केला, कारण ठेवायला दुसरी जागा नव्हती. मला वाटतं गावाने चांगलं केलं. इतिहासाने जे टाकलं ते गावाने भीतीत का होईना, सांभाळलं.

उजाडल्यावर त्या पिठाची भाकरी झाली. भरड होती. सगळ्यांनी खाल्ली.

निरोपाच्या वेळी गायिकेला आणि वादकांना पाकिटं दिली गेली, आजींना साडी-चोळी. रीतीला धरूनच झालं, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तरी मला ते बोचलं, आणि मी गेल्या आठवड्यातल्या बैठकीत तसं सांगितलं. पुढच्या जानेवारीच्या पत्रिकेवर आजींचं नाव ‘गायन’ या शब्दाखाली यावं, वेळ पहाटे साडेचार, मानधन इतर कलाकारांइतकंच. त्या वेळेला ध्वनिक्षेपक चालत नाही, त्यांना लागतही नाही. थोरल्या पातीच्या वहिनींनी लगेच हो म्हटलं. काकांचाही विरोध नाही. त्यांना फक्त बळदात काय घुमतं ते मोजायचं आहे. ताडपत्रीचे पैसे जमले आहेत, तुळयांचे अजून नाहीत, आणि छपराच्या कागदावर दोघांच्या सह्या राहिल्या आहेत.

आजींना विचारायला मी आणि मैत्रीण त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दोन अटी घातल्या. तळी गुळगुळीत झाली आहे, तिला पाथरवटाकडून टाकी लावून घ्यायची. त्याशिवाय त्या बसणार नाहीत, एवढी भरड भाकरी त्यांना पुन्हा कुणाला वाढायची नाही. आणि दुसरी अट, जोडीला बाई पाहिजे. ओवी एकीने उचलायची असते आणि दुसरीने धरायची असते. पिंपळगावच्या आठवडी बाजारात टाकी लावणारे एक जण येतात असं कळलं आहे. जोडीला बसायला मी तयार झाले आहे, आणि दर रविवारी त्यांच्या ओट्यावर जाऊन शिकते आहे.